पाठ बघायला जाणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. लांबट, हिरव्या रंगाची, मागच्या दाराशी गंजलेली. मिनेसोटातल्या नॉर्डाल कॉलेजच्या शेडमध्ये मला उभं केलं आहे. पुढे बर्फ लोटायचं यंत्र, मागे भिंत. हलायचं म्हटलं तरी जागा नाही.

पण खरं सांगू का, मोकळी मी कधीच नव्हते. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, डोंगर बघू, समुद्र बघू. नशिबी आला शिक्षणशास्त्र विभाग. त्या विभागात प्राध्यापक दोनच, वोझिका सर आणि नुकत्याच रुजू झालेल्या मार्लिस मॅडम. शिक्षक होऊ पाहणारे त्यांचे विद्यार्थी गावोगावच्या शाळांत पाठ घेत, आणि ते पाठ बघायला मॅडम माझ्यातून जात. बीटाची शेतं, धान्याची उंच कोठारं, एखादं चर्च, शाळा, आणि पुन्हा टेकडीवरचं कॉलेज. हिवाळ्यात इंजिन गोठू नये म्हणून मला विजेच्या तारेने भिंतीला जोडून ठेवत. खुंट्याला बांधलेल्या गाईत आणि माझ्यात काय तो फरक?

तरी ते दिवस कौतुकाचे होते. वोझिका सर माझ्या टपावर थाप मारून म्हणत, "या विभागात आपण तिघं, मार्लिस. आणि त्यात कुरकुर न करता काम करणारी ही एकटी!"

परतीच्या वाटेवर कुणी छात्र शिक्षक माझ्यात बसून रडे, कुणी हर्षाने खिडकीची काच खालीवर करत राही. वर्गात काय घडलं ते मला त्यांच्या आवाजावरून कळे.

एकदा इतिहासाचे एक प्राध्यापक सोबत आले होते. म्हणाले, "तुमचं बरं आहे हो, मार्लिस. आम्ही ग्रंथालयात डोळे फोडतो आणि तुम्ही गावं फिरता."

मॅडम हसल्या. पण स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी पडली ते मला जाणवलं. लहान मुलं वाचायला कशी शिकतात, यावर त्यांना पुस्तक लिहायचं होतं. "उन्हाळ्यात लिहीन," त्या म्हणत. उन्हाळा येई तो सरकारदरबारी पाठवायचे अहवाल घेऊन. मग बढतीच्या वेळी समिती विचारी, तुमचं लेखन कुठे आहे? माझ्या मागच्या सीटवर अर्धवट कागद पिवळे होत गेले. मीही पिचत गेले. माझा हीटर आधी खोकू लागला आणि मग मुकाच झाला.

वोझिका सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. विद्यार्थी घटले, आणि एका वसंतात कॉलेजने ठरवलं की विभाग बंद करायचा. उरलेली मुलं डिसेंबरपर्यंत बाहेर पडतील, त्यांच्याबरोबर मॅडमही. मॅडमनी मन घट्ट केलं आणि इकडेतिकडे अर्ज केले. विस्कॉन्सिनच्या एका मोठ्या विद्यापीठाने त्यांना बोलावलं. जानेवारीत रुजू व्हायचं, वर्षातून एक सत्र फक्त लेखनासाठी. त्या दिवशी मॅडम कोठारांपासून कॉलेजपर्यंत गात आल्या. मित्रांनो, मलाही वाटलं, या बाईबरोबर आपणही सुटू.

शेवटी उरली एकच छात्र शिक्षिका, पा न्हिया वांग. सेंट पॉल शहरातली, हुशार मुलगी. गणित तिच्या जिभेवर. पण चौथीच्या वर्गात उभी राहिली की ती फळ्याशीच बोले.

डिसेंबरात शेवटचा पाठ संपल्यावर दोघी शाळेच्या आवारात माझ्यात येऊन बसल्या. मॅडमनी किल्ली फिरवली नाही.

"मी पास झाल्याच्या कागदावर सही कराल ना, मॅडम?" पा न्हियाने विचारलं.

"आजचा अपूर्णांकांचा पाठ कसा झाला?"

"बरा झाला."

"कुणासाठी, अगं?"

पा न्हियाचा आवाज चढला. "विभाग बंद होतोय. आज नापास केलंत तर मी पुन्हा पाठ घ्यायचे कुठे? माझ्या आईने निम्म्या सेंट पॉलला सांगून ठेवलंय, मुलगी शिक्षिका झाली म्हणून!"

"आणि सही केली तर एखाद्या वर्गाने वर्षभर काय बघायचं? तुझे पाठ नाही, पोरी, तुझी पाठ!"

पा न्हियाने उतरून दार इतक्या जोरात आपटलं की माझी काच थरथरली. मॅडम तशाच बसून राहिल्या. समोरच्या काचेवर बर्फ साचत गेला, बाहेरचं काही दिसेनासं झालं. मग त्यांनी डीनना फोन लावला.

"मेपर्यंत विभाग उघडा ठेवा. एका मुलीचे पाठ राहिलेत."

"एका मुलीसाठी?" डीन चकितच झाले. "आणि विस्कॉन्सिनचं काय?"

"ते थांबणार नाहीत."

"मार्लिस, सही कर आणि मोकळी हो ना, बाई!"

"मी होईन हो मोकळी. तिच्या वर्गातली मुलं अडकतील."

डीन नाइलाजाने तयार झाले. दुसरा फोन विस्कॉन्सिनला झाला, अगदी दोन वाक्यांचा. नंतर त्या रडल्या. मला वायपर फिरवण्यापलीकडे काय येतं?

मग दर आठवड्याला आमची फेरी सुरू झाली. पा न्हिया तोंडातून शब्द काढत नसे. फेब्रुवारीत एकदा मात्र ती फणफणतच आत शिरली. विस्कॉन्सिनची गोष्ट तिला कॉलेजच्या कचेरीत कळली होती.

"मी मागितलं होतं का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग जन्मभर तुमच्या उपकारांचं ओझं घेऊन फिरू?"

"तुझ्यावर कसले उपकार? त्या मुलांनी तरी तुला कुठे मागितलं होतं?"

मॅडमनी मला रस्त्यावर काढलं. मग पा न्हिया हळूच म्हणाली, "आज वर्गातल्या रायलीने मला मध्येच थांबवलं. म्हणाली, कळलं नाही, पुन्हा सांगा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं कुणी."

"मग?"

"फळा सोडला. तिच्या बाकाशी जाऊन बसले. मग बाकीचीही जवळ सरकली."

त्या दिवशी मॅडमनी मला फार सावकाश चालवलं.

मे महिन्यात सही झाली, माझ्याच टपावर कागद ठेवून. पा न्हियाला सेंट पॉलमध्ये शाळा मिळाली. मॅडमना कुठेच जागा उरली नव्हती. आता त्या जवळच्या गावात बदली शिक्षिका म्हणून जातात. बोलावतील त्या दिवशी, मिळेल त्या वर्गावर. ते पुस्तक अजून झालेलं नाही. मला या शेडमध्ये आणून त्यांनीच उभं केलं. स्टिअरिंगवर थोडा वेळ हात ठेवला आणि मागे वळून न बघता गेल्या. त्या जिंकल्या की हरल्या, हे मला आजही सांगता येत नाही.

मित्रांनो, माझा गंज काढा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्याही वर्गात कधी एखादी नवी बाई पाठ घ्यायला येईल. ती फळ्याशीच बोलत असेल. मागच्या बाकावर एखादं परकं माणूस गुपचूप बसलेलं असेल. तेव्हा हसू नका. नाही कळलं तर हात वर करा आणि विचारा. त्या एका प्रश्नाची वाट बघत ते माणूस फार लांबून आलेलं असतं.