चोवीस हजेऱ्यांचा आजार

बोरी अरबजवळच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये सेठजींनी कामगारांसाठी औषधोपचाराची योजना काढली, तेव्हा कार्डावर कामगार, त्याची बायको, मुलं आणि आईबाप असे सगळे बसत होते. दुसऱ्या वर्षी यवतमाळच्या डॉक्टरांनी फी वाढवली आणि आईबाप उतरले. तिसऱ्या वर्षी औषधं महागली, मुलं उतरली. चौथ्या वर्षी बायको. पगारातून कापली जाणारी रक्कम मात्र आठ आण्यांवरून सव्वा रुपयावर गेली. कार्डावर जागा ऐसपैस झाली होती, तिचं भाडं असावं.

सन त्रेसष्टच्या जानेवारीत फाटकावर नोटीस लागली. खर्च पेलवत नसल्यामुळे, ज्या महिन्यात कामगाराच्या चोवीस पूर्ण हजेऱ्या भरतील, त्याच महिन्याचा उपचार कंपनी करील. पूर्ण हजेरी म्हणजे पाचच्या भोंग्यापर्यंत. फेब्रुवारीचे दिवस अठ्ठावीस, त्यात रविवार चार. म्हणजे फेब्रुवारीत ज्याला आजारी पडायचं असेल, त्याला अठ्ठावीस तारखेच्या संध्याकाळी पाचपासून रात्री बारापर्यंत मोकळीक होती.

प्रेसवरचा डोंगरसिंग राठोड ही मोकळीक घेणार होता. त्याला अंतर्गळ होता. रुईची गाठ ढकलताना जांघेत आतडं उतरायचं. तो भिंतीआड जाऊन ते बोटांनी आत सारायचा, धोतराची पट्टी आवळायचा आणि परत गाठीला खांदा लावायचा. ऑपरेशनला अडीचशे रुपये लागत होते आणि त्याची रोजी होती सव्वादोन. म्हणून त्यानं महिनाभर एक खाडा केला नव्हता. तेवीस हजेऱ्या भरल्या होत्या.

अठ्ठावीस तारखेला सकाळी अकरा वाजता आतडं आत जाईना. बारा वाजता त्याला उलटी झाली. एक वाजता दुसरी, हिरवी.

हजेरीबाबू पुंडलिकराव रजिस्टर काखेत घेऊन प्रेसवर आले.

"अबे, जाय ना दवाखान्यात."

"गेलो तं अर्धी हजेरी देसान."

"देईन नाही तं काय करू? नियम हाय."

"मंग पाचले मरतो," डोंगरसिंग म्हणाला. "पूर्ण भरून."

त्यानं गाठीवर हात टेकले, पण गाठ हलली नाही. 'याडी गे' असं आईला हाक मारत तो खाली बसला.

त्याची बायको बिजलीबाई त्याच कारखान्यात सरकी काढणाऱ्या सात नंबरच्या चरख्यावर कपाशी लावत असे. ती हातातली कपाशी टाकून हापिसात शिरली. हातात, केसात, भुवयांवर रुई होती.

"बाबू, त्याच्या पोटाले हात लावून पाहा. दगड झाला हाय."

"मी हात लावून काय करू, बाई? मी का डॉक्टर हाव?"

"डॉक्टर नाही ना? मंग त्याले पाच वाजेलोक इथं बसवणारे तुमी कोन?"

पुंडलिकरावांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वादोन. मॅनेजर धर्माधिकारी रोज संध्याकाळी हजेरी आणि फाटकावरची नोंद समोरासमोर ठेवून तपासत. मागच्या हंगामात एकाला पंधरा मिनिटं माफ केली, म्हणून आधीचा हजेरीबाबू कायमचा मोकळा झाला होता. पुंडलिकरावांना तीन मुली होत्या.

"बाई, माह्या हातात फक्त पेन हाय."

बिजलीबाई दारापर्यंत गेली आणि वळली.

"त्याच्या अंगावर गाठ पडली असती तं?"

"तो अपघात. त्याचा खर्च कायद्यानं मालकाच्या अंगावर. त्याले हजेरी लागत नाही," पुंडलिकराव म्हणाले. म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं. तोवर बिजलीबाई अंगणात पोचली होती.

"गाठ पडली वो! माह्या माणसाच्या अंगावर गाठ पडली!"

चरखे एकेक करून थांबले. एरवी त्या आवाजात शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे. आता डोंगरसिंगचं कण्हणं हापिसापर्यंत येऊ लागलं. धर्माधिकारी धावत आले.

"कोणी पाहिलं? साक्षीदार कोण आहे?"

"मी पाह्यलं," मैनाबाई म्हणाली. तिचा चरखा प्रेसकडे पाठ करून होता.

"मीबी पाह्यलं."

"आमी समद्याईनं पाह्यलं, सायेब."

साक्षीदार बेचाळीस झाले. अपघात म्हटला की फॉर्म जाणार, फॉर्मामागून फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार, आणि प्रेसच्या पट्ट्यावरची सुरक्षेची जाळी दिवाळीपासून गोदामात पडलेली होती. धर्माधिकाऱ्यांना घाम फुटला.

"खोटं आहे! आजार आहे हा! मी स्वतः महिनाभर बघतोय, हा पोट धरून चालतो!"

बेचाळीस बाया साहेबांकडे बघत राहिल्या.

"आजार हाय ना?" बिजलीबाई म्हणाली. "मंग आजाराची पूर्ण हजेरी द्या."

"द्या," धर्माधिकारी पुंडलिकरावांना म्हणाले.

"साहेब, भोंग्याच्या आधी पूर्ण हजेरी भरता येत नाही. तुमचीच नोटीस हाय."

धर्माधिकाऱ्यांनी डोंगरसिंगकडे पाहिलं. त्याचे ओठ निळे पडले होते.

"मग वाजवा भोंगा!"

त्या दिवशी बोरी अरबला पाच वाजले ते पावणेतीनला. बाया घरी निघाल्या, भोंगा झाला होता. पुंडलिकरावांनी चोवीसावी हजेरी भरली, कार्डावर शिक्का मारला आणि कंपनीच्या ट्रकमध्ये डोंगरसिंगच्या पायाशी बसले. प्रत्येक खड्ड्याला तो ओरडत होता. लाडखेडच्या पुढे तो ओरडेनासा झाला, तेव्हा बिजलीबाईनं त्याच्या नाकाशी बोट धरलं आणि ते यवतमाळ येईपर्यंत काढलं नाही.

डॉक्टरांनी चादर वर केली.

"केव्हापासून आहे हे?"

"अकरा वाजल्यापासून."

"आणि आत्तापर्यंत काय करत होतात?"

"हजेरी," पुंडलिकराव म्हणाले.

साडेसात वाजता डॉक्टर बाहेर आले. वीतभर आतडं काळं पडलं होतं, कापावं लागलं. माणूस वाचेल. आठ दिवसांनी टाके काढायचे, महिनाभर पट्ट्या बदलायच्या, तीन महिने ओझं उचलायचं नाही.

बिजलीबाई भिंतीला टेकून खाली बसली. पहिल्यांदाच तिनं डोळ्यांवरची रुई पुसली. मग बराच वेळ बोटांवर काही मोजलं.

"बाबू, आठ दिवसांनी म्हंजे मार्च लागला ना?"

"हो."

"मार्चात त्याची हजेरी किती?"

पुंडलिकरावांनी कार्ड काढून पाहिलं; शिक्का फक्त फेब्रुवारीचा होता.

"मंग डॉक्टरले म्हना," बिजलीबाई म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती, "बारा वाजाच्या आत टाके काढून टाका."