माझ्या पोटातले तेल

मित्रांनो, कारखान्याच्या मागच्या आवारात, जाळीच्या कुंपणाआड, एक करडी लोखंडी पेटी सतत घूंऽऽ करत उभी असलेली तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर कवटीचे चित्र आणि 'धोका' अशी पाटी असते. तसल्या पेट्यांतलाच मी एक, कागद कारखान्यातला जुना ट्रान्सफॉर्मर. वय पन्नाशीच्या पुढे. आता माझ्या तारा सोडवल्या आहेत, आवाज बंद झाला आहे, तरी जिवाला स्वस्थता म्हणून नाही. तुमच्यापाशी सारे बोलून टाकावे, असे किती दिवस वाटते आहे.

मला घडवले तेव्हा पोलादी पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेढे घातले आणि सारे बुडेल इतके तेल भरले. विजेचे काम म्हणजे तापणे आलेच; ते तेल मला थंड ठेवी. साधे तेल भडकन पेटते. हे सहजी पेटत नसे आणि वर्षानुवर्षे खराबही होत नसे. "या तेलाला मरण नाही!" असे कारागीर कौतुकाने म्हणाले, तेव्हा मी अभिमानाने फुगलो होतो.

कागद कारखान्यात पंधरा वर्षे काढल्यावर मला वायरमनकाका भेटले. तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागलेले, मिसरूड फुटलेले. रोज सकाळी ते माझ्यावरची कागदाची धूळ फडक्याने पुसत, काचेतून तेलाची पातळी बघत आणि माझ्या अंगावर थाप मारून म्हणत, "काय हत्तीराव, बरं आहे ना?" साऱ्या कारखान्यात माझे तेच नाव पडले. माझ्या जिवावर लगद्याची यंत्रे घुसळत, रूळ फिरत, ओल्या कागदाचे ताव सुकून बाहेर पडत.

पुढे माझे वय झाले. तळाच्या तोटीचे रबर कडक होऊन चिरले आणि तेल पाझरू लागले. काकांनी दोनदा अर्ज केला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "थेंब थेंब तर गळतंय. खाली बादली ठेवा." मग बादली आली. माझ्याकडे लक्ष देण्याची तेवढीच काय ती खूण.

त्या बादलीनेच घात केला. काकांच्या आईचे गुडघे धरले होते. कुंपणाला लागून असलेल्या कँटीनमधल्या मावशींनी कुणाकडून तरी ऐकलेले सांगितले, "अहो, ट्रान्सफॉर्मरचं तेल चोळा. रामबाण आहे म्हणे!" काकांनी अर्धा डबा भरून घरी नेला. महिन्याभराने ते मावशींना खुशीत सांगत होते, "आईला बराच उतार आहे. सूनबाई रोज दुपारी चोळून देते. सातवा महिना चालू आहे तिला, पण कंटाळा म्हणून नाही पोरीला."

हे ऐकून मलाही आनंद झाला होता, मित्रांनो. आज ते आठवले की अंगावर काटा येतो.

एक दिवस सरकारी प्रयोगशाळेतून तपासनीस बाई आल्या. हातमोजे घालून त्यांनी माझे तेल बाटलीत घेतले. काका पाना धरून शेजारी उभे होते. बाई म्हणाल्या, "जुन्या ट्रान्सफॉर्मरांत पीसीबी नावाचं रसायन असू शकतं. ते कुजत नाही, विरत नाही. अंगात गेलं की चरबीत साठून राहतं, आईच्या अंगातून बाळापर्यंत पोचतं. म्हणून अनेक देशांनी मिळून ते वापरातून काढायचं ठरवलंय. यातलं तेल कुणी घरी नेत नाही ना?"

"छे छे!" मॅनेजरसाहेबांनी परस्पर उत्तर दिले.

काकांच्या हातातला पाना खाली पडला. तो उचलायला ते वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मी आतून ओरडत होतो, 'बोला काका, आत्ता बोला!' पण बाहेर निघाली ती नेहमीचीच घूंऽऽ.

दुसऱ्या दिवशी काका उरलेल्या तेलाचा डबा घेऊन परत आले. डोळे तारवटलेले. मावशींना म्हणाले, "चोळणं बंद केलंय. तेल वाईट निघालं, एवढंच सांगितलं घरी. पोरीला खरं कुठल्या तोंडानं सांगू? मीच आणून दिलं ना!" मावशी पदराने डोळे पुसत राहिल्या.

आठ दिवसांनी अहवाल आला. त्या रसायनाचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट होते. बाई फेरतपासणीला यायच्या त्या सकाळी मॅनेजरसाहेब घाईघाईने आले. "अर्धं तेल मागच्या नाल्यात सोडा आणि वर नवं भरा. आकडा खाली येईल."

काका तोटीपाशी गेले. माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी पाना तोटीला लावला, थांबले, आणि मागे वळले.

"नाही जमायचं, साहेब."

"नोकरी नकोय का?"

"नोकरी हवीय. पण हे विष पातळ केलं म्हणून संपत नाही, नुसतं पसरतं. एका घरात पसरवलंय मी. आता नाही."

तेवढ्यात बाई फाटकातून आत आल्या. काका थेट त्यांच्यासमोर गेले. "मॅडम, त्या दिवशी मी गप्प बसलो. तेल मी घरी नेलंय. सूनबाईनं उघड्या हातांनी चोळलंय, आणि ती पोटुशी आहे."

बाईंनी ते वहीत टिपून घेतले. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. अंगाला लागलं म्हणजे लगेच काही होतंच असं नाही. पण डॉक्टरांपासून काही लपवू नका. संध्याकाळी मी घरी येते. सूनबाईंशी दोघं मिळून बोलू."

त्याच दिवशी माझा प्रवाह तोडला. खाली पत्र्याचा मोठा ट्रे आला, अंगावर धोक्याची पिवळी चिठ्ठी आली, तोटीला सील लागले. मॅनेजरसाहेबांना वरून जाब विचारला गेला. काकांची नोकरी टिकली, झोप मात्र उडाली.

दोन महिन्यांनी काका कुंपणापाशी आले. "नात झाली, हत्तीराव. नाक थेट माझ्या आईवर गेलंय. डॉक्टर म्हणाले, आज ठीक आहे, पण दर वर्षी दाखवत राहा." जरा थांबून म्हणाले, "सूनबाईनं मला माफ केलं. तरी नातीला उचलायच्या आधी तीनदा हात धुतो मी."

मित्रांनो, उद्या मला न्यायला गाडी येणार आहे. प्रचंड उष्णतेच्या भट्टीत माझे तेल जाळून टाकतील. त्याचे मला दुःख नाही. घोर लागतो तो माझ्या भावंडांचा. ती अजून कुठे कुठे उभी आहेत, चिठ्ठीवाचून गळताहेत. आणि असली न मरणारी रसायने एकट्या माझ्याच पोटात नाहीत. लवकर न पेटणाऱ्या गादीत, डाग न धरणाऱ्या कापडातही ती असू शकतात. एखादी वस्तू फार टिकते म्हणून कौतुक कराल, तेव्हा तिच्यात काय घातले आहे तेही विचारा. दुकानदाराला विचारा, शाळेत विचारा, मोठ्या माणसांना विचारा. ती चिडली तरी विचारा. मला कुणी विचारायला पन्नास वर्षे लागली.