अंगणवाडीला आमचा पूर्ण पाठिंबा

पुष्करला कुठल्याही गोष्टीसाठी पाठिंबा मागा, चहा संपायच्या आत देतो. इथे कन्नड मुलखात, हेब्बाळला आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवी उंच इमारत झाली, तिथे तो पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आला. मराठी बोलणारी शेजारीण सापडली म्हणून मला काकू म्हणू लागला. माणूस वाईट नाही. वाईट असता तर दार लावून तरी घेता आलं असतं.

या वेळचा पाठिंबा होता गल्लीतल्या सरकारी अंगणवाडीला. एक खोली, पुढे थोडं अंगण आणि वीणाअक्का. माझी नात सिद्धी तिथे जाते. तिच्याबरोबर असतात ती पलीकडच्या बांधकामावर राबणाऱ्या बायकांची मुलं, बहुतेक रायचूर-यादगीरकडची. वीणाअक्का गाणी म्हणून घेतात, चिंचोके मोजायला लावतात आणि कुणी रडलं तर आधी जवळ घेतात. पण अंगणवाडी सुटते दुपारी, आणि आमचं घोडं तिथेच अडलेलं.

माझी मुलगी वेदिका इंदिरानगरच्या एका कंपनीत आहे. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून घर तिच्या पगारावर चालतं. इतके दिवस ती घरून काम करत होती. आता कंपनीनं सांगितलं, रोज ऑफिसला या, जमत नसेल तर राजीनामा द्या. दुपारनंतर सिद्धीला कोण बघणार? माझे गुडघे कामातून गेलेत. पोरगी रस्त्याकडे धावली तर मी नुसत्या हाका मारणार. संध्याकाळपर्यंत सांभाळणाऱ्या खाजगी शाळा आहेत, पण त्यांची फी ऐकूनच वेदिकानं फोन ठेवून दिला.

अशात वीणाअक्कांकडून कळलं की काही अंगणवाड्यांना नवा बालवर्ग मिळणार आहे. शिकलेल्या आणखी एक बाई येतील आणि मुलं संध्याकाळपर्यंत थांबतील. आमच्या भागात एकीलाच मिळणार होता, आणि कुणाला ते पाहणीवर ठरणार होतं. मी हे पुष्करजवळ बोलले मात्र, त्यानं ग्रुप काढला. सगळ्या इमारतीनं अंगठे दाखवले, हात जोडले. लहान मुलांचं शिक्षण ही सरकारचीच जबाबदारी, असे लांबलचक मेसेज मला वाचून दाखवण्यात आले. मी म्हटलं, मग तुझ्या मल्हारचं नाव घाल की इथे. तर म्हणतो, आमचा तत्त्वतः पूर्ण सपोर्ट आहे, पण मल्हारचं आता तिकडे सेट झालंय. त्याचा मल्हार रोज पिवळा टी-शर्ट घालून व्हॅनमधून कुठल्याशा इंग्रजी प्रीस्कूलमध्ये जातो.

पाहणीच्या दिवशी मी सिद्धीला घेऊन पोचले आणि दारातच थबकले. खोलीत नवा गालिचा, रंगीत खुर्च्या, भिंतीवर इंग्रजी नावांची फळं नि पक्षी यांची चित्रं. गालिच्यावर मल्हार आणि त्याच्या इमारतीतली झाडून सारी मुलं. त्यांतली निम्मी पिवळ्या टी-शर्टात, कारण इथून परस्पर व्हॅन गाठायची होती. मी विचारलं, आपली मुलं कुठायत? वीणाअक्का खुर्च्या सरळ करू लागल्या. पुष्कर उत्साहानं म्हणाला, जागा कमी पडत होती, म्हणून त्यांना आजच्या दिवस सुट्टी दिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांची शाळा त्यांनाच सुट्टी. मी म्हटलं, अरे, आत्ता जा आणि त्यांना बोलावून आण. तो म्हणाला, काकू, टेन्शन नका घेऊ, फर्स्ट इम्प्रेशन महत्त्वाचं असतं. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

अधिकारीणबाई दमलेल्या दिसत होत्या, पण त्यांचं लक्ष चौफेर होतं. त्यांनी कन्नडमध्ये नाव विचारलं. एकही मूल बोलेना. सिद्धीनं मात्र न विचारता अख्खं गाणं म्हणून टाकलं. मग बाईंनी मल्हारला इंग्रजीत विचारलं, तुझी शाळा कुठली? त्यानं छाती पुढे काढून टी-शर्टावरचं नाव दाखवलं.

बाई मागे उभ्या असलेल्या पालकांकडे वळल्या. इथे वर्ग मंजूर केला तर तुमच्यापैकी कोण मुलं पाठवणार, असं त्यांनी विचारलं. कुणी फोन काढला. एकीला व्हॅनची आठवण झाली.

मी पुढे होऊन सगळं खरं सांगितलं. बांधकामावरची मुलं, वेदिकाची नोकरी, माझे गुडघे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अज्जी, तुम्ही खरं बोलताय," त्या म्हणाल्या. "पण मी पाहिलं तेच मला लिहावं लागतं. इथली मुलं मला दिसलीच नाहीत. पुढच्या वेळी खरी मुलं दाखवा. सरी? ठीक आहे?"

वर्ग दुसऱ्या वस्तीला गेला. गालिचा आणि खुर्च्या संध्याकाळी इमारतीत परत गेल्या. ग्रुपवर पुष्करनं सगळ्यांच्या मेहनतीचे आभार मानले.

महिनाअखेर वेदिकानं लॅपटॉप कंपनीत परत दिला. घरी आली आणि जेवली नाही. आई आता ऑफिसला जाणारच नाही म्हणून सिद्धी तेवढी टाळ्या पिटत होती. मला त्या टाळ्या ऐकवेनात.

तिसऱ्या दिवशी पुष्कर दारात. चेहरा पडलेला. मल्हारला सांभाळणारी बाई काम सोडून गेली होती. वेदिका आता मोकळीच असते असं कळलं, तर मल्हार व्हॅनमधून उतरला की संध्याकाळपर्यंत तिच्याकडे बसेल का? पैशांचं बघून घेऊ, म्हणाला.

वेदिका आतून ऐकत होती. बाहेर आली नाही.

मी त्याला आत बोलावलं नाही. म्हटलं, "पुष्कर, मल्हारचं नाव वीणाअक्कांकडे घाल. इमारतीतली आणखी चार मुलं आण. आपण सगळे मिळून परत पाहणी मागू. वर्ग आला की तुझा मुलगाही संध्याकाळपर्यंत राहील आणि माझी मुलगीही कामावर जाईल. घालतोस?"

तो चपलेनं उंबऱ्याशी रेघा ओढू लागला. खरंच विचार करतोय असं मला वाटलं.

"आयडिया चांगली आहे, काकू," तो म्हणाला. "ग्रुपवर टाकून बघतो."