आईच्या वतीने

"हा शिंप्याचा, हा त्याच्या बायकोचा, आणि हा दांडी तुटलेला थर्मामीटरकाकांचा," असं म्हणत आईने पिशवीतून एकेक चष्मा काढून मुलीच्या चष्म्याच्या दुकानातल्या काउंटरवर मांडला. "काकांचा मात्र आत्ताच दे बाई. त्यांचं चष्म्यावाचून पान हलत नाही."

मुलीने आधी चष्म्यांकडे पाहिलं, मग आईकडे. दुपारचा दीड वाजला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अशा उन्हात आई वाचनालयातून दोन चौक चालत आली होती, आणि तीही गल्लीचे चष्मे पोचवायला.

"आणि तुझा नंबर? तीन वर्षं झाली तपासून."

"माझं काय, होईल सावकाश."

आई स्टुलावर बसली. मुलीने पाण्याचा ग्लास पुढे केला. आईने दोन घोट घेतले आणि ग्लास खाली ठेवला. तोंड किंचित उघडं ठेवून ती समोरच्या भिंतीवरच्या फ्रेमांकडे पाहत राहिली. मग पुन्हा ग्लास उचलला, अर्ध्यावर नेला, पुन्हा खाली ठेवला. तिचे खांदे श्वासागणिक वर-खाली होत होते.

मुलगी काकांच्या दांडीचा स्क्रू फिरवायची थांबली. विचारावं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात आई म्हणाली, "शिंप्याच्या बायकोला हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही गं. एका डोळ्याने धूसर दिसतं म्हणे. कुणाला सांगत नाही, नुसती टाके उसवत बसते. सोमवारी घेऊन येते तिला. जरा वेळ काढून बघ."

मुलीने स्क्रू पुन्हा फिरवायला घेतला. "आण," ती म्हणाली.

हे तिला नवीन नव्हतं. आई वाचनालयात देवघेवीच्या खिडकीमागे बसायची, तेव्हापासूनचं होतं. शाळा सुटली की मुलगी तिथेच जाई. आत यायला मनाई नव्हती, पण पुस्तक हवं तर रांगेत उभं राहायचं, आपलं कार्ड दाखवायचं. पुढे पेन्शनर, मागे कॉलेजची मुलं, मध्ये दप्तरासकट ही. खिडकीशी पोचलं की आई पुस्तक हातात घेऊन विचारायची, "कसं वाटलं?" पुढच्यालाही तेच विचारायची आणि मागच्यालाही. तिच्या वाट्याला ते रतीभर जास्त येत नसे. मग ती रोज एक पुस्तक संपवू लागली, म्हणजे रोज रांगेत उभं राहता येईल. मुलगी केवढी वाचते, असं सगळे म्हणत. आईलाही त्याचं कौतुक होतं. घरी आल्यावर मात्र आई थकलेली असायची. बोलायचं ते सगळं खिडकीत संपलेलं असायचं.

मग सहा वर्षांपूर्वी शनिवारच्या बैठका सुरू झाल्या. त्या उन्हाळ्यात गल्लीतले दोन म्हातारे आपापल्या घरात उष्म्याने गेले होते, आणि एकाचं तर शेजाऱ्यांना दोन दिवसांनी कळलं होतं. आईने वाचनालयाची मोठी खोली संध्याकाळी उघडी ठेवायची परवानगी मिळवली. पहिल्यांदा हवामानावर बोलायला एक प्राध्यापक आणले. त्यांनी पडद्यावर पृथ्वी दाखवली, लाल होत जाणारी. लोकांनी माना डोलावल्या, काही जण पेंगले. दुसऱ्या शनिवारी लोकांनाच बोलतं केलं, तर नुसता कालवा झाला. ज्याला त्याला आपलाच नळ, आपलंच छत, आपल्याच दारातलं तुंबलेलं गटार. दोघं तर हमरीतुमरीवर आले.

तिसऱ्या शनिवारी आईने नियम घातला. इथे आपलं गाऱ्हाणं आपण मांडायचं नाही. दुसऱ्याचं मांडायचं. वहीत जोड्या लावल्या. आठवडाभर आपल्या जोडीदाराच्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं आणि शनिवारी उठून 'अमक्याच्या वतीने सांगतो' म्हणून बोलायचं. ज्याचं गाऱ्हाणं त्याने मध्ये तोंड घालायचं नाही.

लोक आधी हसले. पण शिंपी शेजारच्या खोलीतल्या नर्सच्या वतीने बोलला. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला तापलेल्या खोलीत दिवसा झोप लागत नाही म्हणजे काय होतं, ते त्याने सांगितलं. त्याचं मशीन तिच्या भिंतीला लागून होतं. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या भिंतीला गेलं. निवृत्त बसचालक घरोघरी भिंतीला थर्मामीटर लावून आकडे टिपायला लागले आणि त्यांचं नाव थर्मामीटरकाका पडलं. त्या आकड्यांवरून अकरा छतांना पांढरा रंग लागला, स्टॉपवर सावली आली, एकट्या राहणाऱ्यांच्या दारावर रोज सकाळी टकटक होऊ लागली.

मुलगी एकदाच गेली होती. शेवटच्या रांगेत बसली. आई कुणाचा तरी हात हातात घेऊन मान हलवत होती आणि तो कुणीतरी, चांगला चाळिशीचा माणूस, तिला "आई" म्हणत होता. दुकान उघडायचंय, असं सांगून ती उठली ती पुन्हा फिरकली नाही. विचारलं की सांगायची, "शनिवारी गिऱ्हाईक जास्त असतं."

"उद्या येतेस का?" आईने आत्ता विचारलं.

"शनिवारी गिऱ्हाईक—"

"माहीत आहे. पण उद्या माझं सांगायचंय. सहा वर्षं सगळ्यांचं झालं, माझंच कधी झालं नाही. शिंपी ऐकेना. मग मीच वहीत लिहून टाकलं."

"मग सांगतील की. तुझं सांगायला अख्खी गल्ली आहे."

"गल्लीला नाही दिलं. तुझं नाव लिहिलंय."

"मला न विचारता?"

"आता विचारतेय ना." आई हसली. "अर्धा तास लवकर ये. काय बोलायचं ते सांगते तुला."

मुलीने दांडी जोडलेला चष्मा फडक्याने पुसला, नको तितका वेळ पुसला. इतक्या वर्षांनी बोलवायचं, आणि तेही वीस माणसांसमोर. घरी, दोघींच्यात, एक शब्द नाही. जे काही असेल ते तिथेच, त्यांच्या रांगेत उभं राहून घ्यायचं.

"बघते," ती म्हणाली. "जमणार नाही बहुतेक."

"बरं," आई म्हणाली. काकांचा चष्मा पिशवीत टाकून ती उठली. दारात चौकटीला हात लावून थोडी थांबली. मुलीला ते समोरच्या आरशात दिसलं. ती वळली नाही. मग आई गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने वाचनालयाच्या खिडक्या उघडल्या, संध्याकाळच्या बैठकीसाठी अर्ध्या खुर्च्या मांडल्या आणि त्यातल्याच एका खुर्चीवर बसली. झाडायला आलेल्या बाईला वाटलं, डोळा लागलाय. डॉक्टर म्हणाले, हृदय बरेच दिवस थकलेलं असणार, त्यात हा उकाडा.

मग घर माणसांनी भरून गेलं. मुलीला येत होतं ते सगळं तिने केलं: कागद, सह्या, फोन. रडू मात्र आलं नाही. शिंप्याची बायको इतकी रडली की तिला धरून बसवावं लागलं आणि पाणी मुलीनेच आणून दिलं. "माझी आई गेली हो," ती मुलीला सांगत होती. मुलगी "हो" म्हणाली. आपल्याच दुःखात आपण पाहुण्यासारख्या उभ्या आहोत, असं तिला वाटलं. रडण्यातही वाटेकरी, आणि त्यांचा वाटा मोठा.

पुढच्या शनिवारी ती वाचनालयात गेली. किल्ल्या परत करायच्या होत्या. वेळ तिने संध्याकाळचीच निवडली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित त्यांना आईवाचून अडलेलं पाहायचं होतं.

अडलं नव्हतं. खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या, वही शिंप्याच्या मांडीवर होती. तिला पाहून सगळे उठले.

"बसा ताई," शिंपी म्हणाला.

"किल्ल्या द्यायला आले होते."

"बसा तरी. आईंच्या पानावर अजून नुसती नावंच आहेत." त्याने वही तिच्याकडे वळवली. आईचं अक्षर, बारीक आणि सरळ. स्वतःचं नाव, त्यापुढे 'वतीने' आणि त्यापुढे 'मुलगी'. वर तारीख घातलेली होती. ती दोन महिन्यांपूर्वीची होती.

"हे दोन महिने आधीच लिहिलं होतं?"

"शनिवार तेवढा ठरत नव्हता," शिंपी म्हणाला. "दर वेळी म्हणायच्या, थांबा, तिला वेळ होऊ दे. मी म्हटलं, आई, मी सांगतो तुमचं. तर म्हणाल्या, नाही, ती सांगेल."

थर्मामीटरकाकांनी घसा साफ केला. "जिन्यात थांबायच्या त्या. आधी वरच्या पायऱ्यांवर थांबायच्या, मग मधल्या, मग खालच्याच. माझ्याकडे लिहिलेलं आहे, कुठल्या दिवशी कुठे थांबल्या ते."

"लिहून ठेवलंत?" मुलीने आवाज चढू दिला नाही. "मग बोलला का नाहीत?"

काका नर्सकडे पाहू लागले. नर्स खाली पाहू लागली.

"पाय सुजलेले मला दिसले होते," ती म्हणाली. "मी दवाखान्यात चला म्हटलं. म्हणाल्या, आधी माझ्या मुलीशी बोलते. मला वाटलं, बोलल्या असतील. तुम्ही बघत असाल सगळं."

"आम्हा सगळ्यांनाच वाटलं," काका म्हणाले. "त्यांचं सांगणं तुमच्याकडे होतं ना. दुसऱ्याच्या वाट्याचं इथे कुणी बोलत नाही. आमची चूक झाली, ताई. साधी गोष्ट होती, पण आम्ही नियम धरून बसलो."

दोष कुणी देत नव्हतं. दिला असता तर तिला बरं वाटलं असतं. अख्खी गल्ली दोन महिने आईच्या दुखण्यापासून एक पाऊल मागे उभी होती, कारण ते हिच्यासाठी राखलेलं होतं. लहानपणापासून जे हवं होतं, ते सगळ्यांना वगळून एकटीला मिळालं होतं. आणि ते घ्यायला ती गेली नव्हती.

तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. बसली नाही. उभ्यानेच खुर्चीची पाठ धरली.

"मी सांगते," ती म्हणाली. शिंप्याने पेन उघडलं.

"आईच्या वतीने सांगते. ती वरच्या मजल्यावर एकटी राहायची. छताला रंग नव्हता. अकरा छतं झाली, तिचं राहिलं." ती थांबली. पुढे काय, ते तिला खरंच माहीत नव्हतं. आईला झोप लागायची का, छातीत दुखायचं का, भीती वाटायची का, हे सांगायला तिने अर्धा तास लवकर बोलावलं होतं. "बाकीचं तिने मला सांगितलं नाही. मी आले नाही, म्हणून. मी पाहिलं तेवढं सांगते. आदल्या दिवशी ती माझ्या दुकानात आली होती. तिला पाणी पिता येत नव्हतं. एक घोट घ्यायची आणि श्वास घ्यायला थांबायची. दारात धरून उभी राहिली. ते मी पाहिलं."

शिंपी लिहीत होता. त्याची बायको तोंडावर हात धरून बसली होती. मुलीने तिच्याकडे पाहिलं.

"मी विचारणारच होते. तेवढ्यात तिने तुमच्या डोळ्याचं काढलं."

"माझ्या?" शिंप्याची बायको म्हणाली.

"सोमवारी तुम्हाला आणणार होती. तुमचा दोष नाही. तुम्ही सोमवारी या, मी बघते." तिला खुर्ची घट्ट धरावी लागली. "पण तेव्हा मला वाटलं, आत्ताही हीच. मग मी विचारलं नाही."

शिंप्याने शेवटची ओळ पुरी केली आणि वर पाहिलं. "आईंचं झालं का, ताई? खाली रेघ मारू?"

"तिचं झालं. आता माझं लिहा."

शिंपी घुटमळला. "आपलं आपण सांगत नाही इथे."

"माहीत आहे. माझं सांगणारी गेली." ती म्हणाली. "लिहा. मला तुमचा हेवा वाटायचा. तुमच्यातल्या एकेकाचा. मला ती माझ्या एकटीची हवी होती, आणि हे मी तिला एकदाही सांगितलं नाही."