न तपासता दिलेला वर्ग

नवी पेठेतल्या पतसंस्थेचं संचालक मंडळ बुडीत कर्जांमुळं सरकारनं बरखास्त केलं आणि प्रशासक नेमला. त्याच सकाळी लेखापरीक्षक यशपाल तिथं गेला. दारात ठेवीदारांची रांग होती. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या रंभाबाईंनी त्याला संस्थेचा साहेब समजून अडवलं.

"साहेब, हितं पाटीवर 'ऑडिट वर्ग अ' लिवलंय. ते बघूनच म्या लेकीच्या नर्सिंगचं पैसं ठेवलं. आता मिळंनात. आसला वर्ग देतं तरी कोण?"

दोन वर्षांपूर्वी, संस्थेचा कारभार उत्तम असल्याचा तो वर्ग यशपालनंच दिला होता. कर्जाच्या फायली न उघडताच, संस्थेच्या अध्यक्षांनी पुढं केलेला वसुलीचा तक्ता खरा मानून त्यानं सही ठोकली होती.

"मीच दिला, मावशी," तो म्हणाला. "न तपासता दिला."

रंभाबाईंनी दाराकडं हात केला. मग म्हणाल्या, "आत जाऊन तसं सांगा की."

यशपालनं प्रशासकांसमोर बसून सगळं लिहून दिलं. आता आपल्यावर कारवाई होणार, हे त्याला ठाऊक होतं. लिहून दिल्यावर तरी हलकं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. पण बाहेर रंभाबाई अजून रांगेतच होत्या, आणि त्यांच्यासमोरून जाताना त्याची मान वर झाली नाही.