कोहळा सभासद नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी छऱ्यांची बंदूक आहे. माझी हकीकत ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. शिवाय मी नेम थोडा डावीकडे टाकते, हे आधीच सांगून ठेवते. बोलता बोलता मी कुणावर अन्याय केला असे वाटले, तर तुम्ही मनातल्या मनात जरा उजवीकडे सरकून घ्या.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पोलादाची नळी, आणि मागे नेम धरायला बारीक भोकाची चकती. तिथल्या एका माणसाने मला खांद्याला लावून पाच छरे मारले. पाचही एकाच भोकातून गेले. त्याने माझ्या दस्त्यावर थोपटले आणि मला खोक्यात ठेवले. मला वाटले, आता आयुष्यभर असेच थोपटणारे हात मिळतील. तेव्हा मी नवी होते, म्हणून तसे वाटले.

नव्वद सालानंतर मी कोल्हापुरात आले. उचगावच्या अंगाला एका मोकळ्या जागेत पंचधारा लक्ष्यवेध मंडळाची रेंज होती. फाटकावर पाटी होती, ‘सभासदांशिवाय प्रवेश नाही’. आत पत्र्याची शेड, दहा मीटरवर लाकडी फळी, आणि शेडपेक्षा मोठा दिवाणखाना. दिवाणखान्यात कॅरम होता, वेताच्या खुर्च्या होत्या आणि दर रविवारी तांबडा-पांढरा रस्सा होता. नेमबाजी हा शब्द फक्त पाटीवर होता.

मंडळाचा नियम असा, की नव्या सभासदाला दोन जुन्या सभासदांनी ‘हा आमच्या ओळखीचा’ असे सांगावे लागे. त्यातही जागा रिकामी असली तरच. जागा रिकामी होई ती सभासद वारल्यावर, आणि तीही लगेच भरे, कारण बापाच्या जागी लेक लागे. सातबाऱ्यावर वारस लागतो तसा. रेंजवर दूधवाला येई, आचारी येई, लग्नाचे मांडववाले येत. नेमबाज तेवढा येऊ शकत नसे. ज्या गावात कुणाच्याही पोराला तालमीच्या मातीत उतरता येते, त्या गावात हे चालले होते.

अध्यक्ष होते हंबीरराव. भारदस्त माणूस. मला हातात घेऊन त्यांनी पुष्कळ फोटो काढले, पण छरा कुठून भरतात हे त्यांना दरवेळी विचारावे लागे. चिटणीस होते रुद्राप्पा, गुळाचे व्यापारी. त्यांना सगळे नियम पाठ होते. हंबीररावांचा पुतण्या सम्राट वडलांच्या जागी सभासद झाला होता आणि काळा चष्मा लावून नेम धरत असे. मी डावीकडे टाकते हे यांच्यापैकी कुणालाही कधी कळले नाही. प्रवासात हललेली मागची चकती केसभर सरकवली असती तरी भागले असते. पण चकतीला हात लावायचा अधिकार फक्त अध्यक्षांना, आणि अध्यक्षांना चकती कुठली तेच ठाऊक नव्हते.

वर्षातून एकच दिवस फाटक उघडे असे, खंडेनवमीचा. त्या दिवशी आम्हा बंदुकांना लाल कापडावर मांडून हळदकुंकू वाहत. शस्त्र त्या दिवशी देव असते, म्हणून येईल त्याने हात लावून नमस्कार करावा, अशी रीत होती. मग अध्यक्षांनी कोहळ्यावर छरा मारायचा. कोहळ्याला छरा लागेपर्यंत प्रसाद वाढायचा नाही. पहिल्या वर्षी कोहळा फळीपाशी, दहा मीटरवर ठेवला होता. तो काही लागेना, म्हणून टेबल पुढे ओढले. दुसऱ्या वर्षी आणखी पुढे. पुढेपुढे तर हंबीरराव जागेवर उभे राहत आणि कोहळाच त्यांच्या भेटीला येई.

अठ्ठ्याण्णव साली पावसाळ्यात विद्याश्री पहिल्यांदा फाटकाशी आली. कॉलेजात शिकणारी, कुरुंदवाडची. तिची आई मल्लव्वा जत्रांतून फुगे फोडायच्या बंदुकीचा गाडा लावत असे. त्या गाड्यावरच पोरगी नेम शिकली होती. जिल्ह्याच्या निवड चाचणीत कुठल्या तरी मंडळाची सभासद असल्याशिवाय उतरता येत नव्हते. नावे द्यायची मुदत दसऱ्यानंतर लगेच संपत होती, आणि कुमार गटाच्या वयाचे तिचे हे शेवटचे वर्ष होते.

“काय पावणं, कुणाकडं?” हंबीररावांनी खुर्चीतूनच विचारले.

“सभासद व्हायचंय, आबा.”

“कुणाची तू?”

“मल्लव्वाची.”

“म्हंजी ती फुगंवाली?” हंबीरराव हसले. “अगं, हितं फुगं न्हाईत.”

मला तेव्हा म्हणावेसे वाटले की हितं फुगेच आहेत, वेताच्या खुर्च्यांत बसलेले. पण बंदूक बोलत नाही, आणि माझा स्वभावही तसा भिडस्त.

रुद्राप्पा मल्लव्वाच्या माहेरच्या नात्यातले होते. विद्याश्रीने त्यांना गाठले. “अज्जा, तुम्ही तरी ओळख सांगा.”

रुद्राप्पांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. “तू आमच्यातलीच की गं, पोरी. म्हणून तर सांगता येत न्हाय. लोक म्हणतील, रुद्राप्पानं आपलं माणूस घुसवलं.”

“आणि ओळखीचं नसलं तर?”

“मग तर नियमातच बसत न्हाय.”

ती पुन्हा आली, पुन्हा परत गेली. नंतर फाटकाबाहेरच उभी राहून आत कुठे छरा वाजतो का ऐकायची. बहुधा तिला कॅरमच ऐकू येत असावा.

खंडेनवमीला मात्र तिला कुणी अडवू शकत नव्हते. आईचा हात धरून ती दर्शनाच्या रांगेतून आत आली. त्या वर्षी वर्तमानपत्राचा फोटोवाला येणार होता, म्हणून हंबीररावांनी कोहळा पुन्हा फळीपाशी, पूर्ण दहा मीटरवर ठेवायला लावला होता. पूजाही जोरात झाली होती. कुणीतरी भक्तिभावाने ओले कुंकू बोटावर घेऊन थेट माझ्या चकतीवर टेकवले होते. नेमाचे भोक पार बुजले.

हंबीररावांनी मला उचलले. एक डोळा मिटला आणि दुसऱ्याने कुंकवाकडे पाहत नेम धरला. त्यांना काहीही दिसले नसणार. तसे त्यांनी म्हटलेही नाही. छरा फळीत गेला. दुसरा गेला. मग सम्राटने काळ्या चष्म्यातून त्याच कुंकवाकडे पाहिले आणि तोही चुकला. बाकीच्या सभासदांची तेवढ्यात पाठ धरली, कुणाच्या डोळ्यात कचरा गेला. पोरे भुकेने कुरकुरू लागली. प्रसादाच्या पातेल्यावरचे झाकण वाफेने हलत होते.

“पोरगीला मारू द्या की,” रांगेतून मल्लव्वा म्हणाली.

“ती सभासद न्हाय,” रुद्राप्पा म्हणाले.

“आन् कोहळा हाय व्हय सभासद?”

लोक हसले. फोटोवाला तर मोठ्याने हसला. हंबीररावांनी मला विद्याश्रीच्या हातात दिले. “मार की. जत्रंतला फुगा न्हवं ह्यो.”

तिने आधी ओढणीच्या टोकाने माझ्या चकतीतले कुंकू पुसले. मला पुन्हा समोरचे स्वच्छ दिसले. मग तिने कोहळ्याकडे नाही, मागच्या फळीकडे पाहिले. तिथे वर्षानुवर्षांच्या चुकलेल्या छऱ्यांची भोके होती, आणि बहुतेक सगळी कोहळ्याच्या जागेच्या डावीकडे. जत्रेतल्या वाकड्या बंदुकीवर शिकलेल्या पोरीला आणखी काही सांगावे लागले नाही. तिने मला थोडे उजवीकडे धरले, श्वास सोडला आणि खटका ओढला.

कोहळ्याच्या बरोबर मध्यावरून पाण्याची बारीक धार आली.

मग पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि पातेल्याचे झाकण निघाले. विद्याश्रीने मला कापडावर ठेवताना हंबीररावांना हळूच सांगितले, “आबा, बंदूक डावीकडं टाकतीय. मागची चकती जरा उजवीकडं सरकवा.” तिने माझ्या दस्त्यावर थोपटले. ते थोपटणे मी ओळखले.

माणसे जेवून गेल्यावर सभासदांची बैठक बसली. मला वाटले, आता तरी हिला घेतील. मी जगाविषयी नेहमीच थोडे जास्त बरे समजते. रुद्राप्पांनी नियम सांगितला, की सभासद नसलेल्याने मारलेला कोहळा पूजेत धरता येत नाही. दुसरा कोहळा आणला. या वेळी धोका नको म्हणून हंबीररावांनी माझे तोंड कोहळ्याला टेकवले, टेकवले कसले, आत रुतवले, आणि खटका ओढला. सर्वांनी समाधानाने माना डोलावल्या. नळीत कोहळ्याचा गर तसाच राहिला. तो कुणीही काढला नाही. त्याच बैठकीत ठरले, की पुढच्या वर्षापासून शस्त्रे दिवाणखान्यात काचेच्या कपाटात राहतील आणि दर्शन काचेबाहेरूनच घ्यायचे.

विद्याश्रीची मुदत गेली. त्या वर्षी ती चाचणीत उतरू शकली नाही. मी गंजले. नळीत, आतून, जिथे दिसत नाही तिथे.

पुढे सांगलीच्या एका मंडळाने तिला घेतले. तिथे कुणाची कोण हे विचारले नाही, दहा छरे मारून दाखव म्हणाले. काही वर्षांनी राज्याच्या स्पर्धेत ती पहिली आली आणि वर्तमानपत्रात तिचा मोठा फोटो छापून आला. आमच्या हंबीररावांनी तो कापून घेतला. जाकिटावर सांगलीच्या मंडळाचे नाव होते, तेवढे कात्रीने नेमके छाटले. या माणसाची अचूकता मी त्या एकाच दिवशी पाहिली. खाली लिहिले, ‘आमच्या रेंजची कन्या’. फोटो माझ्या कपाटाशेजारी लागला, तोही काचेत. ज्या दोघींना रेंजवर कुणी धड नेम साधू दिला नाही, त्या दोघी आता मंडळाची शोभा आहेत.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. फोटोत ती नेम धरून उभी आहे, आणि तिच्या बंदुकीचे तोंड सरळ अध्यक्षांच्या खुर्चीकडे आहे. हंबीररावांनी खुर्ची एकदा सरकवली, मग पुन्हा सरकवली. फोटो काढावा, तर पाहुण्यांना काय दाखवायचे? खुर्ची आता खिडकीपाशी आहे, उन्हात. दुपारी त्यांना फार घाम येतो. मी बघत बसते. एवढे सुख मला पुरते, आणि एवढ्यावर समाधान मानावे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही अशा काचा असतील. त्यांच्यापुढे हात जोडू नका. मला हळदकुंकू नको होते, तेलाचे दोन थेंब हवे होते. आणि तुमच्या हातात कधी एखाद्या फाटकाची किल्ली आली, बाहेर कुणी येऊन उभे राहिले, तर ‘तू कुणाची’ एवढे विचारू नका. आत घ्या, बंदूक हातात द्या आणि मागे सरकून फळीकडे बघा.