मॅबरीच्या नावाची पट्टी

कोच व्हर्जिल स्ट्राउडने उजवा पाय आत टाकून आतली वाट अडवली. समोर कॉर्डेल मॅबरी गुडघ्यांत वाकून उभा होता. पलीकडे संघाचा चेंडू फेकणारा, क्वार्टरबॅक ट्रेंट ओलाफसन, हातात चेंडू घेऊन.

मंगळवार होता. मंगळवारी टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या खेळाडूंना सुट्टी, आणि ज्यांना कुठलाच संघ नाही त्यांची परीक्षा. रविवारच्या सामन्यात स्ट्राउडचे दोन रिसीव्हर लंगडत बाहेर गेले होते. पुढच्या रविवारी चेंडू झेलायला धड माणूस हवा होता. मॅबरी तेहतीस वर्षांचा, म्हणजे या खेळात म्हाताराच, मार्चपासून घरी बसलेला. त्याला बोलवा म्हणून स्ट्राउडनेच जनरल मॅनेजर हॅलोरनच्या मागे लकडा लावला होता. हॅलोरनने बोलावलं, पण बजावून: म्हाताऱ्याने एक जरी चूक केली, तर विषय संपला.

आतापर्यंत मॅबरीच्या हातून एकही चेंडू निसटला नव्हता. "आजोबा, गुडघ्यांना तेल घालून आणलंय का?" असं ट्रेंटने त्याला मघाशी छेडलं होतं. "तू नीट टाक रे बाळा, गुडघ्यांचं मी बघतो," असं उत्तर आलं होतं.

ही शेवटची धाव. नियम साधा होता. अडवणाऱ्याने आतली बाजू धरली तर बाहेर वळायचं, बाहेरची धरली तर आत. धावणाऱ्याने आणि फेकणाऱ्याने ते एकाच क्षणी ओळखायचं. बोलायला वेळ नसतो. अडवणाऱ्याच्या जागी, इथल्या रिवाजाप्रमाणे, कोच स्वतः.

मॅबरी सुटला आणि स्ट्राउडच्या खांद्याला घासून बाहेर वळला. चेंडू आत गेला. रिकाम्या गवतावर वेडावाकडा उडाला आणि पडून राहिला.

मैदानाच्या कडेला हॅलोरनने खिशातले हात बाहेर काढले.

"कोणाची चूक?"

तिथून त्याला स्ट्राउडचा पाय दिसणं शक्य नव्हतं. ट्रेंट स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. रविवारी त्याचे तीन चेंडू विरुद्ध संघाने पळवले होते, आणि पोराचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं हॅलोरन कालपासून ज्याला त्याला विचारत होता.

"माझी," मॅबरी म्हणाला. "आत वळायला हवं होतं."

म्हणताना त्याने स्ट्राउडकडे पाहिलं नाही. स्ट्राउडने खरं बोलावं तर ट्रेंटचा उरलासुरला धीर इथेच संपणार. आणि क्वार्टरबॅकला उघडा पाडणाऱ्या कोचचा करार जानेवारीत कोण वाढवणार? तो खाली वाकला आणि घट्ट बसलेली बुटाची नाडी पुन्हा बांधू लागला.

"बघितलंस, व्हर्जिल? पाय चालतात, डोकं थकलंय," हॅलोरन म्हणाला आणि इमारतीकडे वळला.

कपडे बदलायच्या खोलीत मॅबरी पिशवी भरत होता. स्ट्राउड दारात आला.

"मी कुठे उभा होतो, तुला दिसलं होतं," तो म्हणाला.

"दिसलं होतं, कोच. पण मॅनेजरपुढे आपल्याच क्वार्टरबॅकला उघडा पाडणारा माणूस तुम्ही घेतला असता?" मॅबरीने पिशवीची चेन ओढली. "न पाडणाराही घेत नाहीत, हे आज नव्याने कळलं."

तो हसला, हात मिळवला आणि गाडीकडे निघून गेला.

परीक्षेला आलेल्याचं नाव कपाटावर पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहितात. सामान सांभाळणाऱ्या ड्युईने पट्टीच्या टोकाखाली नख घातलं.

"काढतो, कोच."

स्ट्राउडने मान डोलावली. तो बाहेर आला तेव्हा वर हॅलोरनच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्यावर ट्रेंट मध्येच थांबलेला दिसला. अंगात सरावाचाच घामट सदरा. कठडा त्याने असा धरला होता, जणू जिनाच हलतोय.

"कोच," तो हळूच म्हणाला, "तुम्ही आत होतात ना?"

वरच्या मजल्यावर हॅलोरन फोनवर कोणाशी तरी बोलत होता. त्याचा आवाज खालपर्यंत येत होता. मागे चिकटपट्टी निघाल्याचा चर्रर आवाज झाला.

"ड्युई, थांब," स्ट्राउड मागे न बघता म्हणाला.

मग त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"आत होतो," तो म्हणाला. "चल."

कपाटावर मॅबरीचं अर्धं नाव लोंबत राहिलं.